जुन्या व्हिडिओ गेमचा संग्रह सुरू करायचा आहे. सुरुवात कशापासून करावी?

माळ्यावरची_पेटी

नमस्कार. आमचे मूळ घर चिपळूणचे. जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचे बहुतेक सामान गेले आणि माळ्यावर ठेवलेले तेवढे वाचले. गेल्या महिन्यात तो माळा आवरताना एका पत्र्याच्या पेटीत माझा आणि ताईचा जुना टीव्ही गेम सापडला. बाबांनी तो १९९६ च्या दिवाळीत आणला होता. यंत्र, दोन रिमोट, एक बंदूक आणि चार कॅसेट एवढा ऐवज आहे. कॅसेटपैकी एक ‘६४ इन १’, एक ‘कॉन्ट्रा’, एक मारिओची असून चौथीवर लेबल उरलेले नाही. अडॅप्टर मात्र मिळाला नाही.

त्या दिवसापासून जुन्या गेमचा संग्रह करण्याचा विचार मनात घर करून बसला आहे, परंतु या विषयाची मला काहीच माहिती नाही. इंटरनेटवरचे बहुतेक मार्गदर्शन अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या वाचकासाठी लिहिलेले असते, आणि तिथे सांगितलेली यंत्रे आमच्याकडे कोणाच्याच घरी नव्हती. माझ्याकडचे यंत्र नेमके कोणते, आणि ते ‘नक्कल’ असल्यास त्याला संग्रहात स्थान द्यावे की सरळ मूळ जपानी किंवा अमेरिकन यंत्र घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे. वर्षाला पंधरा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. मी ठाण्याला राहतो, तेव्हा पावसाळ्यात या वस्तू कशा जपाव्यात हेही समजून घ्यायचे आहे.

साठ_पिनी

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कॅसेटच्या खालच्या कडेवर आहे. तिथल्या सोनेरी पट्ट्या, म्हणजेच पिना, दोन्ही बाजूंच्या मिळून मोजा. त्या साठ भरल्या, आणि भरतील असा माझा अंदाज आहे, तर तुमचे यंत्र जपानच्या निन्टेन्डो फॅमिकॉमची नक्कल आहे. फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये १४,८०० येनला विक्रीस आला. तोच संच १९८५ मध्ये अमेरिकेत ‘एनईएस’ या नावाने, निराळ्या पेटीत आणि बहात्तर पिनांच्या मोठ्या कॅसेटसह गेला. तैवान आणि चीनमध्ये ज्या नकला तयार झाल्या आणि आपल्याकडे गल्लोगल्ली पोचल्या, त्यांतील बहुसंख्य यंत्रांनी जपानी साठ पिनांचाच खाचा ठेवला.

संग्राहकाच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि परदेशी मार्गदर्शनात ती वाचायला मिळत नाही, कारण तिथल्या वाचकाकडे हा खाचाच नसतो. जपानमध्ये विकल्या गेलेल्या मूळ फॅमिकॉम कॅसेट तुमच्या चिपळूणच्या यंत्रात थेट बसतात आणि बहुतेक वेळा चालतात. अमेरिकेतल्या संग्राहकाला त्यासाठी वेगळा जोड घ्यावा लागतो. म्हणून नवे यंत्र विकत घेण्याची घाई करू नका. तुमच्या हातात असलेलेच यंत्र दुरुस्त करा आणि पहिल्या वर्षाचे पैसे मूळ कॅसेटवर खर्च करा.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. जपानी गेम सेकंदाला साठ चित्रे दाखवण्याच्या हिशेबाने बांधलेले आहेत, तर आपल्याकडची टीव्ही पद्धत ‘पाल’ असल्यामुळे इथल्या अनेक यंत्रांत सेकंदाला पन्नासच चित्रे उमटतात. त्यामुळे अशा यंत्रावर मारिओ मूळ वेगापेक्षा सुमारे एक षष्ठांश संथ धावतो आणि संगीतही त्याच मानाने लांबते. आपण लहानपणी ऐकलेली ती चाल हीच, त्यामुळे मूळ जपानी यंत्रावर पहिल्यांदा खेळणाऱ्याला गेम फार वेगवान वाटतो. दोन्ही वेग कानाला आणि बोटांना माहीत असावेत असे मला मनापासून वाटते, पण ते पुढच्या वर्षी.

‘नक्कल’ या शब्दाविषयी थोडे सांगायलाच हवे. १९९५ मध्ये सेगा या जपानी कंपनीचे मेगा ड्राइव्ह हे गेमयंत्र शॉ वॉलेस कंपनीमार्फत अधिकृतपणे भारतात आले, तेव्हा ऐंशी टक्के आयात शुल्क टाळण्याची व्यवस्था करूनही त्याची किंमत १८,००० रुपये होती. त्या काळातल्या किती घरांना ती परवडली असेल याचा विचार करा. तुमच्या बाबांनी १९९६ च्या दिवाळीत जे आणले तोच या प्रदेशातला व्हिडिओ गेमचा खरा इतिहास आहे, आणि तो जपणारे लोक जपानी इतिहास जपणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी आहेत. तुमच्या संग्रहाचा क्रमांक एक तेच यंत्र असू द्या.

कॅसेट निवडताना भाषेचा विचार करा. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५), उडत्या विमानांचे गोळीबाराचे गेम, टेनिस, बेसबॉल, गाड्यांच्या शर्यती यांना जपानी वाचता येण्याची गरज पडत नाही. ‘ड्रॅगन क्वेस्ट’सारखे कथाप्रधान गेम स्वस्तात दिसले तरी लिपी येत नसेल तर ते कपाटातच राहतात. निन्टेन्डोचा ‘झेल्डा’ जपानमध्ये १९८६ साली कॅसेटवर आलाच नव्हता. तो ‘डिस्क सिस्टिम’ या वेगळ्या जोडयंत्राच्या चकतीवर आला. त्या जोडयंत्रातला रबरी पट्टा वर्षांनुवर्षांत विरघळून चिकट होतो आणि तो बदलून यंत्र पुन्हा जुळवणे हे नवख्याचे काम नाही, म्हणून सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नये.

जपानमधून मागवताना एकेक कॅसेट मागवू नका, कारण सामान्य गेमच्या किमतीपेक्षा कुरिअरचा आणि सीमाशुल्काचा खर्च सहज जास्त होतो. तिथे खोक्याशिवायच्या सुट्ट्या कॅसेट गठ्ठ्याने विकल्या जातात. सहा-सात कॅसेटचा एक गठ्ठा वर्षातून एकदोनदा मागवणे तुमच्या पंधरा हजारांत बसण्यासारखे आहे.

सोल्डर_आणि_सबुरी

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र कॅसेट मागवण्याआधी यंत्राला वीज देण्याचा प्रश्न सोडवावा लागेल. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या यंत्रांपैकी मला सर्वाधिक वाईट वाटते ते चुकीच्या अडॅप्टरने जळालेल्या यंत्रांचे, कारण तीस वर्षे टिकलेली वस्तू एका क्षणात जाते.

घरात सापडेल तो, पिन बसते म्हणून, अडॅप्टर लावू नका. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअरचा डीसी पुरवठा लागतो आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. आपल्या घरातल्या आजच्या बहुतेक अडॅप्टरांत तो धन असतो. अमेरिकन एनईएसचा अडॅप्टर तर चक्क ९ व्होल्ट एसी देतो, कारण त्या यंत्रात एसीचे डीसी करणारे सर्किट आतच आहे. तो अडॅप्टर डीसीवर चालणाऱ्या यंत्राला लावला तर नुकसान ठरलेलेच. सेगाच्या पहिल्या आणि दुसऱ्या मेगा ड्राइव्हमध्येसुद्धा ध्रुव उलटसुलट आहेत. जपानहून यंत्रासोबत आलेला अडॅप्टर १०० व्होल्टसाठी असतो; तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालायचा नसतो.

नकलांमध्ये प्रत्येक कारखान्याची तऱ्हा वेगळी, म्हणून यंत्राच्या तळाशी छापलेले व्होल्ट आणि ध्रुवाची खूण नीट वाचा. छाप पुसला गेला असेल तर यंत्र उघडून मल्टिमीटरने ऋण बाजू कोणती हे एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात राहणाऱ्यांना तपकीर गल्लीत, तुम्ही आकडे आणि ध्रुव लिहून नेलेत तर त्याप्रमाणे अडॅप्टर मिळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची आपणा सर्वांची सवय. फुंकरीने गेम सुरू होत असे तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. श्वासातला ओलावा त्या पट्ट्यांवर साचून गंज वाढवतो, आणि कोकणातल्या हवेत तो लवकरच वाढतो. नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पट्ट्या पुसा, काडी काळी येणे थांबेपर्यंत काड्या बदलत राहा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कॅसेट यंत्रात घालू नका. खोडरबराने घासण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु त्याने वरचा पातळ मुलामाही निघतो, म्हणून मी तो देणार नाही.

आपल्याकडच्या कॅसेट साध्या फुलीच्या स्क्रूने उघडतात. आत तुम्हाला बहुधा हिरव्या किंवा तपकिरी पट्टीवर काळ्या राळेचा एक थेंब दिसेल. त्या थेंबाखाली उघडी चिप बसवलेली असते. ती बिघडली तर दुरुस्त करता येत नाही, म्हणून कॅसेट वाकवू किंवा दाबू नका. मूळ जपानी कॅसेटमध्ये स्वतंत्र पायांच्या चिप असतात आणि काहींमध्ये खेळ साठवण्यासाठी बटणासारखी बॅटरी असते. १९८८ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ मध्ये ती आहे. ती बदलताना पाय जोडलेलीच बॅटरी घ्या, सेलवर थेट सोल्डरचा डाग देऊ नका, आणि बॅटरी काढताच आत साठवलेला जुना खेळ पुसला जातो हे आधी घरच्यांना सांगा. अमेरिकन कॅसेटसाठी ३.८ मिलिमीटरचा खास पेचकस लागतो.

बंदुकीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण विचाराल. ‘डक हंट’मध्ये घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो; बंदुकीतला डोळा तो उजेड ठराविक क्षणी दिसला की नाही एवढेच पाहतो. आजचा सपाट टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून ते किंचित उशिरा दाखवतो, तोवर गेमने नेम चुकल्याचा निकाल दिलेला असतो. म्हणून बंदुकीसाठी जुना डबा टीव्हीच लागतो. भंगारवाल्याकडे सांगून ठेवा, पण आणल्यावर तो स्वतः उघडू नका, कारण प्लग काढल्यावरही आत जीवघेणा विद्युतदाब साठून राहू शकतो.

पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणि रंग बदलणारे सिलिका जेल पुरेसे आहे. रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. कॅसेट वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कारण कागद दमट होतो. वायरींना रबर बँड लावू नका. ते वितळून चिकटतात. यंत्रावर थेट ऊन पडू देऊ नका, त्याने प्लास्टिक पिवळे पडते. आणि महिन्यातून एकदा गेम लावून थोडा वेळ खेळत जा.

गोल_चकती

मी या चर्चेत थोडा वेगळा सूर लावतो. कॅसेटच्या काळाबद्दल सर्वांना ओढ आहे, परंतु आपल्या देशात अधिकृतपणे, पावतीसह, दुकानात मिळालेल्या गेमचा संग्रह करायचा असेल तर प्लेस्टेशन २ हे सर्वांत समृद्ध आणि आजही आवाक्यातले क्षेत्र आहे. ते यंत्र मार्च २००० मध्ये जपानमध्ये आले आणि २०१३ च्या सुरुवातीपर्यंत त्याचे उत्पादन चालू राहिले. खास भारतासाठी केलेले काही गेम त्यावर आले. २००९ चा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवला होता, आणि त्याच वर्षी आपल्या मातीतल्या खेळांवरचा ‘देसी अड्डा’ही निघाला. गेम म्हणून त्यांची कारागिरी साधारणच आहे हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, परंतु परदेशातल्या संग्राहकाला ते मिळवणे अवघड आहे आणि आपल्याला अजून शक्य आहे. ज्या घरांत आज प्लेस्टेशन २ माळ्यावर पडलेले आहे, त्यांतल्या बहुतेकांत नकली चकत्यांची चळत निघते. तिच्यात एखादी मूळ चकती, डबी आणि माहितीपुस्तिकेसह सापडली तर ती सोडू नका.

खरेदीविषयी माझा अनुभव सांगतो. गेम बॉय ॲडव्हान्स या निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राची, पोकेमॉनची एक कॅसेट मी एका विक्रेत्याकडून मूळ समजून घेतली. चित्र, आवाज, सगळे ठीक होते, आणि आठवडाभराने साठवलेला खेळ नाहीसा झाला. त्यानंतर मी जे शिकलो ते असे: मूळ कॅसेटच्या लेबलवर बोटाला जाणवेल असा दोन अंकांचा ठसा दाबलेला असतो; खालच्या फटीतून पाहिले तर पट्ट्यांच्या वर सर्किटवर निन्टेन्डोचे नाव छापलेले दिसते; आणि नकली लेबलांचे रंग बहुधा भडक किंवा फिके असतात. विक्रेत्याकडे समोरचा, मागचा आणि खालच्या फटीचा असे तीन फोटो मागा. मूळ वस्तू विकणाऱ्याला ते देण्यात अडचण नसते. जो देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

मुंबईचा चोर बाजार आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार इथे फिरायला जरूर जा. दर फेरीत काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका आणि तिथे यंत्र चालवून पाहता येणार नाही असे धरूनच किंमत ठरवा. माझ्या संग्रहातला सर्वांत चांगला भाग मात्र बाजारातून आलेला नाही. नातेवाईक, शाळेतले मित्र आणि सोसायटीतले शेजारी यांना मी या छंदाविषयी सांगत गेलो आणि त्यांच्या माळ्यांवरून तो माझ्याकडे आला.

शेवटी किमतीविषयी. जुलै २०२१ मध्ये न उघडलेल्या ‘सुपर मारिओ ६४’ ची एक प्रत अमेरिकेतल्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, आणि तेव्हापासून आपल्याकडेही जुना गेम म्हणजे गुंतवणूक असे सांगत येणारे लोक भेटतात. पारदर्शक पेटीत बंद करून ठेवलेल्या, कधीही न खेळायच्या वस्तूंचा तो व्यवहार आहे. तुम्ही ज्या ओढीने विचारता आहात तिचा आणि त्याचा संबंध नाही. त्या हिशेबाने एक रुपयाही खर्च करू नका.

नोंदवही

एक छोटी पण तातडीची सूचना. काहीही पुसण्याआधी, उघडण्याआधी आणि दुरुस्त करण्याआधी प्रत्येक वस्तूचे फोटो काढा: यंत्राचा तळ, कॅसेटची दोन्ही अंगे, आतले सर्किट, पेटी उरली असेल तर तीही. ‘६४ इन १’ सुरू झाली की तिची संपूर्ण यादी, चुकीच्या शब्दलेखनासह, जशी आहे तशी उतरवून घ्या. त्या यादीत एकच गेम वेगवेगळ्या नावांनी अनेकदा येतो, आणि कोणत्या कॅसेटमध्ये कोणती नावे होती यावरूनच पुढे दोन कॅसेट एकाच कारखान्यातल्या आहेत की नाही हे कळू शकते. जपानी कॅसेटची माहिती हजारो लोकांनी नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडे विकल्या गेलेल्या नकलांची तशी नोंद फारच थोडी आहे.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात उपलब्ध नाहीत. जिथे प्रत्येक गेमला निर्माता, तारीख आणि पेटी आहे तिथली ही स्थिती आहे. आपल्या कॅसेटवर तर कारखान्याचे नावसुद्धा नसते. म्हणून बाबांना विचारा की यंत्र कोणत्या गावात, कोणत्या प्रकारच्या दुकानातून आणि कितीला घेतले होते, आणि त्यांना आठवेल ते तारखेसह लिहून ठेवा.

माळ्यावरची_पेटी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पिना मोजल्या, त्या साठच आहेत. यंत्राच्या तळाशी ९ व्होल्ट डीसी आणि मधला भाग ऋण अशी खूण स्पष्ट होती. ती लिहून लॅमिंग्टन रोडला गेलो आणि अडॅप्टर घेऊन आलो. शेजारच्या काकांकडे डबा टीव्ही अजून चालू स्थितीत होता, तो त्यांनी आनंदाने दिला. आधी सर्व फोटो काढले, मग कॅसेट पुसल्या. काड्या बराच वेळ काळ्या येत होत्या.

‘कॉन्ट्रा’ आणि मारिओ चालले. ‘६४ इन १’ ची यादी मी आणि ताईने फोनवर बोलत उतरवली, कारण कोणत्या क्रमांकाला काय आहे हे तिला पडद्याकडे न पाहताच आठवत होते. बाबांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की त्यांनी यंत्र चिपळुणात घेतलेच नव्हते. कामानिमित्त मुंबईला गेले असताना ते घेतले आणि एसटीने मांडीवर ठेवून आणले. किंमत त्यांना आठवत नाही, आईला आठवते: साडेअकराशे रुपये. तेही लिहून ठेवले आहे.

लेबल नसलेली चौथी कॅसेट मात्र सुरू झाल्यावर करड्या पडद्यापलीकडे जात नाही. तिच्यात कोणता गेम होता हे घरात कोणालाच सांगता येत नाही. पुढे काय करावे? आणि गेम कळला तर तिच्यावर नवे लेबल छापून लावावे का?

सोल्डर_आणि_सबुरी

करडा पडदा म्हणजे यंत्र जिवंत आहे, पण त्याला कॅसेट नीट वाचता येत नाही. इतर तीन चालतात, तेव्हा दोष कॅसेटकडेच आहे. उघडून भिंगाने पाहा: पट्ट्यांपासून काळ्या थेंबाकडे जाणाऱ्या बारीक तांब्याच्या रेषांपैकी एखादी हिरवी पडून तुटली असेल तर ती जोडता येते, आणि तसे दिसले तर फोटो इथे टाका, मी जागा दाखवतो. रेषा अखंड असतील आणि पुन्हा दोनदा पुसूनही चित्र आले नाही, तर बिघाड थेंबाच्या आत आहे, आणि मग ती कॅसेट तशीच ठेवायची.

नवे लेबल लावू नका. जुन्या गोंदाची खूण, तिचा आकार, कडेला राहिलेला कागदाचा रंग, हेसुद्धा ओळख पटवायला उपयोगी पडते. कागदाच्या चिठ्ठीवर क्रमांक आणि मिळाल्याची तारीख लिहून ती कॅसेटसोबत डब्यात ठेवा.